शॉर्टहँड: खूण आणि तिची किल्ली

शोधनिबंध वाचायला लागलात की ‘अमुक ही तमुकची शॉर्टहँड आहे’ अशा अर्थाचं वाक्य तुम्हाला हमखास भेटेल. टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासशी त्याचा संबंध नाही. मोठी गोष्ट दरवेळी पूर्ण न लिहिता एका खुणेत सांगितलीय, एवढंच. आइनस्टाइनने १९१६ मध्ये बेरजेचं चिन्हच गाळलं: एका पदात तोच निर्देशांक दोनदा आला की बेरीज आहे असं समजायचं. ज्याला हा नियम माहीत नाही, त्याला ते समीकरण चुकीचंच वाटणार.

मूळ शॉर्टहँड म्हणजे बोलण्याच्या वेगाने लिहायची पद्धत. आयझॅक पिटमनची पद्धत १८३७ ची, उच्चारावर बेतलेली. तिच्यात ‘प’ची रेघ बारीक आणि ‘ब’ची तीच रेघ जाड. पण खरा मासला त्याच्याही आधीचा आहे.

लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ पर्यंतची रोजनिशी थॉमस शेल्टनच्या शॉर्टहँडमध्ये लिहिली. लंडनमधली प्लेगची साथ, १६६६ ची आग, सगळं त्यात आहे. त्याची पुस्तकं पुढे केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आली आणि रोजनिशीचे सहा खंड तिथे जवळजवळ शंभर वर्षं न वाचता पडून राहिले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा विद्यार्थी ते उलगडायला बसला, तीन वर्षं खपला. गंमत म्हणजे (त्याच्यासाठी नव्हे!) शेल्टनचं मार्गदर्शक पुस्तक त्याच ग्रंथालयात होतं. पीप्सने किल्ली जपली होती, फक्त ती रोजनिशीची किल्ली आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता तुमची लॅबची वही काढा. ‘स. २, जुना बफर, रात्रभर’ असं काहीतरी असेलच. आज तुम्हाला ते लख्ख कळतं. पण चार वर्षांनी प्रबंधाचं ‘पद्धती’ प्रकरण लिहिताना? किंवा तुमच्यानंतर त्याच टेबलावर बसणाऱ्याला? माझ्या मते वहीचं पहिलं पान खुणांसाठीच ठेवावं: खूण, पूर्ण अर्थ, कधीपासून वापरली ती तारीख. अर्थ बदलला तर जुना खोडू नका, खाली नवा लिहा.

तर्कशास्त्रज्ञ गोडेल आपली टिपणं गाबेल्सबर्गरच्या जर्मन शॉर्टहँडमध्ये लिहायचा. १९२४ नंतर जर्मनीत ती पद्धत मागे पडली. १९७८ मध्ये तो गेला, आणि ते कागद वाचण्यासाठी शेरिल डॉसन यांना आधी ती लिपी शिकून घ्यावी लागली.