परिषद, पाणी आणि पंगत

कोणत्याही परिषदेचा किंवा संमेलनाचा अहवाल काढून पाहा. त्यात अध्यक्षांचे भाषण असते, ठराव असतात, शेवटी आभारप्रदर्शनही असते. पण परिषदेहून परतलेल्या माणसाला घरची मंडळी विचारतात ते वेगळेच. ‘‘गाडी मिळाली का? उतरलात कुठे? जेवणाचं काय केलंत?’’ हे तीन प्रश्न अहवालात कधी येत नाहीत. वास्तविक परक्या गावात आपल्याला कोण गाडीत घेतो आणि कोण पंगतीत बसवतो, यावरून त्या गावाने आपल्याला किती आपले मानले हे कळते. आपल्या महाराष्ट्रात तर काही परिषदांचा इतिहास भाषणांइतकाच वाटेवर आणि पंगतीत घडला आहे. आज त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

लांबलांबच्या माणसांनी एका शहरात जमायचे, दोन-तीन दिवस चर्चा करायची आणि परतायचे, ही गोष्ट आगगाडीने सोपी केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, डिसेंबर १८८५ मध्ये, काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले. खरे तर ते पुण्यात व्हायचे होते. पण तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि ऐनवेळी जागा बदलावी लागली. गवालिया तलावाजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या चालकांनी आपल्या इमारती अधिवेशनासाठी मोकळ्या करून दिल्या. प्रतिनिधी ७२ होते आणि त्यांत मुसलमान दोन.

आगगाडीने माणसे एका बाकावर बसवली खरी, पण शिदोरी ज्याची त्याची वेगळीच राहिली. आमचे आजोबा सांगत, की स्टेशनवर गाडी थांबली की दोन आवाज येत, ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’. विहीर एकच असली तरी पाणी देणारा हात वेगळा असे. शहरात उतरल्यावरही तोच प्रकार. धर्मशाळा जातीच्या आणि खानावळीही जातीच्या. म्हणून परगावी निघालेला माणूस दशम्या, चटणी आणि फिरकीचा तांब्या बरोबर बांधून घेई. त्यात सोय होती आणि सोवळेही होते. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसला गेलेल्या गांधीजींनी आपल्या आत्मकथेत तिथल्या मुदपाकखान्याचे वर्णन केले आहे. तमिळ प्रतिनिधींच्या जेवणावर परक्याची नजरही पडू नये म्हणून त्यांच्यासाठी तट्ट्यांनी बंदिस्त केलेली वेगळी सोय होती. मांडवात देश एक होता, पण ताटे वेगळी होती.

पुण्यात तर नुसत्या चहाने केवढा गहजब झाला! ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावण्यात आले. व्याख्यान झाले आणि मग चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, तर कोणी पेला नुसता बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. एकमेकांचे विरोधक असलेले दोन मोठे नेते एका पेलाभर चहाने एकाच पेचात सापडले. आज आपल्याला याचे हसू येते. पण ज्यांना चहाच काय, तळ्याचे पाणीही मिळत नव्हते, त्यांना हसू यायचे कारण नव्हते.

ती माणसे महाडला जमली. मी राहतो ते विचुंबे पनवेलला लागून आहे. इथून जवळच पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता निघतो आणि पेण, नागोठणे, माणगाव करत महाडला पोचतो. आता कोकण रेल्वेचे वीर स्टेशनही महाडच्या जवळ आहे. १९२७ साली यातले काही नव्हते. मुंबईहून निघणारे लोक बोटीने धरमतरला उतरत आणि तिथून मोटारीने पुढे जात. खेड्यापाड्यातली माणसे तर भाकरी बांधून पायीच निघत. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

परिषदेला हजारो माणसे येणार म्हटल्यावर प्यायच्या पाण्याची सोय करायला हवी. गावात चवदार तळे होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले होते, पण त्या तळ्यात ओंजळ बुडवण्याची सोय नव्हती. तेव्हा स्वागत समितीने चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. त्या काळचे चाळीस रुपये, आणि तेही तळ्याच्या गावात! परिषदेच्या जमाखर्चातली ही एक रक्कम मला अनेक भाषणांपेक्षा बोलकी वाटते.

२० मार्चला सारे जण मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले. हा प्रसंग आपण शाळेत शिकतो. त्यानंतरचे दोन तास मात्र फारसे कोणी सांगत नाही. परिषद संपली होती. बरेच लोक गावाकडे निघाले होते. काही गाठोडी बांधत होते, काही मांडवात जेवत होते. तेवढ्यात ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी खोटी आवई उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव मांडवावर चालून आला. जेवणाऱ्यांना मारले, अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली. रस्त्यात एकटे-दुकटे सापडलेले लोकही सुटले नाहीत. जीव वाचवायला काहींनी मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. उलट हात उगारू नका, असे त्यांनी आपल्या चिडलेल्या माणसांना बजावले आणि त्यांनी ते ऐकले.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद ठरली. या वेळी संयोजकांनी केलेली तयारी पाहिली, की त्यांना मार्चने काय शिकवले ते दिसते. गावातले व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून दहा दिवस पुरेल एवढे धान्य आधीच बाहेरून आणून ठेवले. मांडवाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. आता वाटेचा प्रश्न उरला. धरमतरची वाट जवळची होती, पण ती मोटारवाल्यांच्या हाती होती. त्यांनी बहिष्कार टाकला तर? म्हणून लांबची दासगावची जलवाट निवडली. दासगावहून महाड पाच मैल आहे. मोटार नाही मिळाली तर तेवढे चालत जाता येईल, असा साधा हिशेब होता. २४ डिसेंबरला बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. धक्क्यावर हजारो माणसे वाट पाहत उभी होती. तिथून मिरवणूक निघाली ती महाडलाच थांबली. त्याच रात्री, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास मात्र न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता, त्यामुळे सत्याग्रह तहकूब करावा लागला. खटला चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागून तळे सर्वांचे ठरले. एका पाणवठ्याला दहा वर्षे लागली.

वाहनाचा हा हिशेब उगीच नव्हता, हे दोनच वर्षांनी चाळीसगावने दाखवले. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याकडे गेले होते. परतताना चाळीसगावच्या वस्तीने त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. अखेर टांगा द्यायचा पण हाकायचा नाही, अशी तडजोड निघाली. ज्याने लगाम हाती घेतला त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुणा बॅरिस्टर होता, पण टांगेवाल्याच्या लेखी त्याची जात आधी होती.

मी मुसलमान आहे. फत्तेखानांची जागा आणि मुसलमानांच्या घरांचा आसरा सांगताना माझा ऊर भरून येतो हे खरे. पण तेवढेच सांगून थांबलो तर तो इतिहास होणार नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाने धुळकटलेल्या मंडळींनी किल्ल्याबाहेरच्या हौदावर हात-तोंड धुतले. तेव्हा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. तुमचा धर्म तुम्हाला हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी विचारले. उद्या यांच्यातला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही का, असेही विचारले. लोक गप्प झाले. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. ज्या धर्मात एकाच हौदावर वजू करून एकाच रांगेत उभे राहायचे, त्या धर्माची माणसेही जातीच्या रोगातून सुटली नव्हती. हे आमच्या लोकांनी आमच्या तोंडाने सांगायला हवे.

या अंधारात काही दिवेही होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले. महाराज आपली गाडी दुकानासमोर थांबवत, स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. ‘आम्ही कसा पिऊ?’ असे महाराजांसमोर म्हणण्याची कोणाची छाती होती? रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ मध्ये सर्व हिंदू जातींसाठी उपाहारगृह सुरू करवले. मुंबईत इराण्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेले काढली. त्यामागे सुधारणेची चळवळ वगैरे नव्हती, धंदा होता. पण संगमरवरी टेबलाशी बसून चहात ब्रून मस्का बुडवणाऱ्याला कोणी जात विचारत नसे. गिरणीतला कामगार, वकिलाचा कारकून आणि परगावाहून सभेला आलेला कार्यकर्ता तिथे शेजारी बसत. समतेचे काम नकळत करणाऱ्यांच्या यादीत मी या इराणी शेठजींचे नाव जरूर घालीन.

आता आजचे सांगतो. कविसंमेलनांच्या निमित्ताने माझे फिरणे होते. विचुंब्याहून रिक्षाने स्टेशन गाठायचे किंवा पनवेल आगारातून एसटी पकडायची, की महाराष्ट्रात कुठेही जाता येते. शेजारी बसणारा जात विचारत नाही, पाण्याची बाटली पुढे करतो. हे बदलले आहे आणि त्याचे मोल मी जाणतो. पण एका जिल्ह्याच्या गावी, रात्री दहा वाजता, लॉजच्या वहीत माझे नाव लिहून झाल्यावर मॅनेजरने मान वर केली आणि खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. पाच मिनिटांपूर्वी त्यानेच खोली दाखवली होती. मी संयोजकांपैकी एका निवृत्त गुरुजींना फोन केला. ते स्कूटर घेऊन आले आणि मला घरी घेऊन गेले. वहिनींनी त्या वेळी पिठले टाकले, ज्वारीची भाकरी थापली. आम्ही दोघे स्वयंपाकघरातच पाटावर बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी मी कोणती कविता वाचली ते आज आठवत नाही. भाकरी आठवते. लॉजची वहीही आठवते.

ताटाचा प्रश्न संमेलनांतून अजून गेलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकात मंड्याला कन्नड साहित्य संमेलन भरले. तिथे मांसाहार वाढायचा की नाही यावरून मोठा वाद पेटला होता. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण शाकाहार हीच सभ्यता आणि बाकी सगळा अपवाद, असे यजमानाने धरले, तर पाहुण्यांपैकी निम्मे लोक आपोआप परके होतात. याउलट २०१५ मध्ये आपले मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला झाले. ही नामदेवांची भूमी. त्यासाठी महाराष्ट्रातून खास आगगाड्या सोडल्या होत्या. गुरुद्वाराच्या लंगरची रीत सर्वांना ठाऊक आहे. डोके झाकायचे, जमिनीवर रांगेत बसायचे आणि पुढे येईल ते खायचे. शेजारी कोण बसला आहे हे विचारायचे नाही. साहित्याने समता शिकवायची म्हणतात; लंगर ती रोज दोन वेळा वाढतो.

म्हणून संमेलने भरवणाऱ्यांना माझे एक मागणे आहे. अहवालात भाषणे छापा, ठराव छापा. त्याबरोबर पाहुणे कुठे उतरले, कोणाच्या घरी जेवले, कोणाला खोली नाकारली गेली आणि कोणी आपले दार उघडले, हेही लिहून ठेवा. महाडच्या परिषदेचे ते चाळीस रुपये कोणीतरी नोंदवून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्या पाण्याची किंमत कळते.