पहिल्या तबकडीआधीची तबकडी

‘द कार्स’ या बॉस्टनच्या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम जून १९७८मध्ये आला. नऊ गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. चाली अशा, की दुसऱ्यांदा ऐकतानाच ओठांवर याव्यात. नवख्या पोरांना सापडलेलं घबाड, असा माझाही बरीच वर्षं समज होता.

पण गाणी लिहिणारा रिक ओकासेक तेव्हा चौतीस वर्षांचा होता. तो आणि बेंजामिन ऑर यांनी १९७२मध्ये ‘मिल्कवूड’ नावाने लोकसंगीताच्या वळणाची एक तबकडी काढली होती. ती कुणी फारशी घेतली नाही. म्हणजे ‘पदार्पण’ म्हणून आपण जे ऐकतो, ते पडून उठलेल्या माणसांचं काम आहे. या गाण्यांत एकही सूर उगाच रेंगाळत नाही, याचं कारण मला तिथे दिसतं.

ध्वनिमुद्रण लंडनच्या एअर स्टुडिओत झालं. निर्माता रॉय थॉमस बेकर. तेच चार-दोन आवाज एकावर एक चढवून वृंदगान उभं करण्याची हातोटी त्याने ‘क्वीन’बरोबर कमावलेली. (त्या ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला. तिथल्या पियानोपासून बॉस्टनपर्यंत धागा ओढणं अतिशयोक्तीचं होईल, पण मोह होतो खरा.) ओकासेकचा आवाज मात्र कोरडा, काहीसा तुटक. त्या कोरड्या आवाजामागे अचानक ही ऊबदार भिंत उभी राहते, आणि ऐकणारा फसतो.

‘माय बेस्ट फ्रेंड्स गर्ल’ घ्या. तुटक गिटार, टाळ्या, मग पन्नाशीच्या दशकातल्या रॉकॅबिलीची आठवण देणारी इलियट ईस्टनची गिटार. गाणारा मित्राच्या मैत्रिणीचं कौतुक करतोय; आणि मग सहज सांगून टाकतो, की ती पूर्वी त्याचीच होती. रडगाण्याला इथे पुरेपूर वाव होता. चाल तिथे तसूभरही खाली येत नाही, टाळ्याही थांबत नाहीत. दुःख सांगायला त्याने नाचाची चाल निवडली आहे. गोड चालीला उथळ म्हणणाऱ्यांनी हे गाणं नीट ऐकलेलं नसावं.

अमेरिकेच्या यादीत हा अल्बम अठराव्या क्रमांकापलीकडे गेला नाही. पण यादीत राहिला १३९ आठवडे.

दुसऱ्या बाजूची शेवटची तीन गाणी एकमेकांत मिसळत जातात. अगदी अखेरीस ग्रेग हॉक्सचा सॅक्सोफोन येतो. ‘मिल्कवूड’च्या त्या तबकडीवरही हॉक्स वाजवत होता.