तीन निरोपांचा फेरा

घड्याळात अकरा आणि एक यांपैकी नंतरची वेळ कोणती? संख्या म्हणून अकरा मोठा. पण सकाळच्या अकरानंतर दुपारचा एक येतो. वर्तुळावर मांडलेल्या संख्यांना 'मोठी म्हणजे नंतरची' हा नियम लागू पडत नाही. ही साधी गोष्ट २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे संगणकांचे जाळे काही तास ठप्प होण्याच्या मुळाशी होती.

१९६९ साली सुरू झालेले अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. त्याच्या प्रत्येक नाक्यावर 'इम्प' नावाचा छोटा संगणक असे. आलेले पॅकेट योग्य वाटेने पुढे धाडणे हे त्याचे काम; आज ते राउटर करतो. १९७९ पासूनच्या पद्धतीत प्रत्येक इम्प आपल्या तारांवर किती विलंब होतो हे निदान मिनिटातून एकदा साऱ्या जाळ्याला कळवी. निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, दवंडीसारखा पसरे. सर्वांचे निरोप गोळा करून प्रत्येक इम्प वाटांचा नकाशा मनाशी जुळवी.

एकच निरोप अनेक वाटांनी येई. नवा कोणता, शिळा कोणता हे ओळखण्यासाठी त्यावर क्रमांक असे. क्रमांकाला सहा बिट, म्हणजे ० ते ६३; पुढे पुन्हा ०. नियम असा: दोन क्रमांकांतील फरक ३२ किंवा त्याहून कमी असेल तर मोठा क्रमांक नंतरचा, फरक त्याहून जास्त असेल तर लहान क्रमांक नंतरचा. नवा निरोप ठेवून घ्यायचा आणि शेजाऱ्यांना द्यायचा. शिळा टाकून द्यायचा.

त्या दिवशी जाळे वापरता येईना. देखभाल करणाऱ्या बीबीएन कंपनीच्या तंत्रज्ञांनी काही इम्पच्या स्मृतीतील मजकूर काढून तपासला. रांगेत वाटांच्या निरोपांची गर्दी होती, आणि ते सारे ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाचे. त्यांवर तीनच क्रमांक आलटून पालटून येत होते: ८, ४०, ४४, पुन्हा ८, ४०, ४४.

हे क्रमांक द्विमान पद्धतीत लिहून पाहू. ४४ म्हणजे १०११००, ४० म्हणजे १०१०००, ८ म्हणजे ००१०००. ४४ मधील एक बिट गळला की ४० होतात. आणखी एक गळला की ८. पन्नासाव्या इम्पच्या शेजारचा २९ क्रमांकाचा इम्प बिघडलेला होता आणि त्याच्याकडून बिट गळत होते. तारेवरून जाताना निरोपाची बेरीज पडताळली जाई; स्मृतीत पडून असताना मात्र त्याच्यावर पहारा नव्हता.

आता नियम लावा. ४० आणि ८ यांत फरक ३२, म्हणून ४० नंतरचा. ४४ आणि ४० यांत फरक ४, म्हणून ४४ नंतरचा. ४४ आणि ८ यांत फरक ३६, म्हणून ८ नंतरचा! प्रत्येक निरोप दुसऱ्या एकापेक्षा नवा ठरला. निरोगी इम्पही नियम तंतोतंत पाळत ते एकमेकांना देत राहिले, आणि त्यातच त्यांचा सगळा वेळ गेला. पन्नासावा इम्प तर तेव्हा बंदच होता. त्याचे निरोप मात्र फिरत होते.

एखादा इम्प बंद करून पुन्हा सुरू केल्याने भागणार नव्हते. शेजारी तेच निरोप लगेच परत देत. म्हणून ५० क्रमांकाचे निरोप दुर्लक्षित करण्याची सूचना प्रत्येक इम्पच्या प्रोग्रॅममध्ये घालावी लागली. जुने निरोप संपले, जाळे मोकळे झाले, मग ती सूचना काढून घेतली. बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या घटनेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

आज अनेक मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत वापरली जाणारी ओएसपीएफ ही पद्धत असे निरोप तीन प्रकारे सांभाळते. क्रमांकाला ३२ बिट असतात आणि ते वर्तुळावर नव्हे, सरळ रेषेवर मोजले जातात. प्रत्येक निरोपाला वय असते. ताजा निरोप आला नाही तर तासाभरात जुना रद्द होतो. आणि पडताळणीची बेरीज निरोपाबरोबर कायम राहते.

वर्गात तीन मुलांना ८, ४० आणि ४४ या पाट्या देऊन गोल उभे करा आणि 'नंतरचा कोण?' हे नियमाने ठरवायला सांगा. मग ८ च्या जागी ७ ची पाटी द्या. फेरा का सुटतो, हे मुलांनाच शोधू द्या.