इनामगांवची पांढर आणि डेक्कन कॉलेज

वतनाच्या महजरांत व निवाडपत्रांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द वारंवार येतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. तंटा लागला म्हणजे निवाड्यास ‘समस्त पांढर’ बसे. चुलींची राख, शेण, पडक्या भिंती यांनीं राहत्या जागेची माती कालांतरानें पांढुरकी होते, म्हणून हें नांव. आम्हीं हा शब्द पुष्कळ कागदांत वाचला. परंतु ती मातीहि कागदासारखी वाचतां येते, हें आम्हांस फार उशिरां कळलें. आमच्याच शिरूर तालुक्यांत ज्या संस्थेनें ती वाचून दाखविली, तिची हकीकत येथें देण्याचा विचार आहे.

ती संस्था म्हणजे पुण्याचें डेक्कन कॉलेज. तिचें मूळ दक्षिणेंत आहे. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केलेली व पुढें पेशव्यांनीं चालविलेली श्रावणमासची दक्षिणा इंग्रजी अंमलांत पूर्वीच्या रीतीनें चालणें कठीण झालें. त्या द्रव्याचा कांहीं भाग काढून, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां, ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. हीच १८५१ सालीं पूना कॉलेज व १८६४ सालीं डेक्कन कॉलेज झाली; आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साह्यानें उभारलेल्या येरवड्याच्या इमारतींत १८६८ सालीं गेली. डॉ. भांडारकरांनीं तेथें संस्कृत शिकविलें. टिळक, आगरकर तेथें शिकले. इतका लौकिक असतां सरकारनें १९३४ सालीं तें कॉलेज बंद केलें. माजी विद्यार्थ्यांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजीं तें पुन्हां उघडलें, मात्र बी. ए. चे वर्ग चालविण्याकरितां नव्हे, तर पदव्युत्तर अध्ययन व संशोधन यांकरितां.

हा फरक केवळ नांवाचा नव्हता. भाषाशास्त्रास डॉ. सुमित्र मंगेश कत्रे, समाजशास्त्र व मानववंशशास्त्रास डॉ. इरावती कर्वे, पुराणवस्तुशास्त्रास डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया, आणि मराठ्यांच्या इतिहासास त्र्यंबक शंकर शेजवलकर, अशीं माणसें एका छपराखालीं आलीं. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास जमविलेला अमोल संग्रहहि त्याच सुमारास येथें आला, म्हणजे कागदाचें घराणेंहि या संस्थेंत पहिल्यापासून नांदतें आहे. पानिपतावरील शेजवलकरांचा इंग्रजी ग्रंथ संस्थेनें १९४६ सालीं छापला. संस्कृताचा ऐतिहासिक तत्त्वावरील महाकोश १९४८ सालीं हातीं घेतला; त्याचा पहिला भाग १९७६ त निघाला, आणि काम अद्यापि चालूच आहे. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी असल्यामुळें कोशाच्या त्या चिठ्ठ्यांच्या कपाटांपुढून आमचा पाय लवकर निघत नाहीं. परंतु प्रस्तुत विषय निराळा आहे.

शिक्रापुराहून तळेगांव ढमढेरे, न्हावरें यांवरून पूर्वेस गेलें म्हणजे घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगांव लागतें. गांवाजवळच्या टेंकाडांवर सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखालीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन झालें. तेथें लेख, नाणें किंवा ताम्रपट निघेल या आशेनें कोणी गेला असता तर हात हालवीत परतला असता. निघालीं तीं शंभराहून अधिक घरें, इ. स. पूर्व सुमारें १६०० पासून ७०० पर्यंतचीं, एकावर एक बसलेलीं. मधल्या काळांतील घरें चौकोनी व ऐसपैस. त्यांत पांच खोल्यांचें एक घर, आणि त्याला लागून धान्याचें कोठार. पुराचें पाणी वळविण्याकरितां बांध व पाट. मुख्य पीक जवाचें. शिवाय गहूं, मसूर, कुळीथ, वाटाणा. अखेरच्या काळांत मात्र तीच वस्ती लहान वाटोळ्या झोंपड्यांची झालेली दिसते.

मयतांची व्यवस्था विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लहान मुलें दोन घटांत, तोंडास तोंड लावून, घराच्या भुईखालींच पुरीत. मोठ्या माणसास उत्तरेस डोकें करून निजवीत, आणि घोट्याखालचे पाय तोडीत. मेलेल्यानें उठून चालूं लागूं नये म्हणून हें करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण पांच खोल्यांच्या घराच्या आवारांत, चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणांत, एक पुरुष बसलेल्या स्थितींत सांपडला. त्याचे पाय शाबूत होते! तो गांवचा मुख्य असावा. ‘पाटील’ म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु अडीच-तीन हजार वर्षांमागें आपल्या महजरांतील शब्द नेऊन चिकटविणें बरें नव्हे.

हें सर्व एका शास्त्राच्या हातून झालें नाहीं. जळकें धान्य ओळखावयास वनस्पतिशास्त्रज्ञ, हाडें गाईचीं कीं हरणाचीं हें सांगावयास प्राणिशास्त्रज्ञ, मनुष्याच्या अस्थी व दांत यांवरून वय, आहार व दुखणीं ताडावयास मानवशास्त्रज्ञ लागला. काळ ठरविण्याकरितां कोळसे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे व अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेकडे गेले. तेथें त्यांतील किरणोत्सारी कर्बाचा अंश मोजतात, जो सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, ही एका प्रकरणांत अनेक साक्षीदारांची निरनिराळी जबानी होय. एका बखरीवर विसंबूं नये हें आपण राजवाड्यांपासून शिकलों. येथें तोच न्याय मातीस लाविला आहे.

आणि साक्षी जुळत नाहींत तेव्हांच खरी कसोटी लागते. इ. स. पूर्व १००० च्या पुढें पाऊस कमी होत गेला, शेती खालावली, लोक शेरडांमेंढरांवर व शिकारीवर अधिक अवलंबून राहिले व अखेर गांव ओस पडला, असें ढवळीकरांचें प्रतिपादन होतें. उत्खननाचा सविस्तर वृत्तांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषीनें त्याच भुईखालच्या मुलांच्या अस्थी पुन्हां तपासून २०११ सालीं ग्रंथ लिहिला. शेवटच्या काळांत मुलांची वाढ अधिक खुंटली होती असें तिनें दाखविलें, परंतु त्याचें खापर अवर्षणावर फोडण्यास ती तयार नाहीं. कोणाचें मत टिकेल तें टिको. हा वाद घालतां आला, कारण अस्थी जपून ठेविल्या होत्या आणि कोणती अस्थि कोणत्या थरांतली हें लिहिलेलें होतें. अस्सल कागद पाहूं न देतां नुसती नक्कल छापणारे संग्राहक आपल्यांत कमी नाहींत. त्यांनीं येरवड्यास एकदां जाऊन यावें.

या बाबतींत आम्हीहि निर्दोष नाहीं. आम्ही मास्तरकी करीत असतां घोडनदीकांठचा एक मुलगा वर्गांत एक खापर घेऊन आला. तांबड्या अंगावर काळ्या रेघा, आणि टिचकी मारली कीं धातूसारखा नाद. त्या वेळीं आम्ही त्यास ‘किरातार्जुनीया’ची गोष्ट सांगण्यांत रंगलों होतों. ‘कुंभाराचें खापर आहे, टाकून दे,’ असें आम्हीं म्हटलें, व त्यानें निमूटपणें खिडकीबाहेर टाकलें. कांहीं वर्षांनीं डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत तसलींच भांडीं कांचेआड पाहिलीं. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे गांवावरून त्यांस ‘जोर्वे’ हें नांव पडलें आहे. आम्ही बराच वेळ तेथें उभे राहिलों. त्या मुलास तें खापर कोठें सांपडलें, हें विचारावयाचें राहून गेलें तें राहूनच गेलें.

पांढरीची माती खत म्हणून शेतांत टाकण्याची चाल जुनी आहे. पूर्वीं ती गाढवाच्या पाठीवरून जाई, तेव्हां एक टेंकाड संपावयास पिढ्या लागत; आतां खोदयंत्रानें तें आठवड्यांत सपाट होतें. म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. आपापल्या रुमालांतील हद्दमहजरांत ‘जुनी पांढर’, ‘ओस गांवठाण’ असे उल्लेख जेथें येतात, ते वेगळे टिपून काढावे व चतुःसीमेवरून ती जागा प्रत्यक्ष शोधावी. आम्हीं आमच्यापुरता आरंभ केला आहे. वेळ नदीच्या बाजूस अशा दोन जागा कागदांवरून निघाल्या. पहिल्या जागीं गेलों तों ऊंस उभा होता, व मालकानें आंत येऊं दिलें नाहीं. दुसरींत पुरुषभर खोल खड्डा पडला होता. त्याच्या कडेस मात्र राखेचा एक पट्टा व त्याखालीं तांबड्या खापरांचा थर स्पष्ट दिसत होता. त्याची खूण व शेताचा गट नंबर लिहून आम्हीं येरवड्यास कळविला आहे.