रखमाबाईंचा खटला: संस्कृती नेमकी कुणाची?

दुसऱ्यांच्या संस्कृतीला आपली फूटपट्टी लावू नये, असं मीही म्हणायचो. मग रखमाबाईंचा खटला वाचला आणि गडबडलो.

त्यांचं लग्न ११व्या वर्षी झालेलं. नांदायला कधी गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात गेला, बायकोला नांदायला पाठवा म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. टिळकांसह बरेच जण भडकले. इंग्रज आमच्या धर्मात ढवळाढवळ करतात!

आता गंमत बघा. असा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातला. हिंदू धर्मशास्त्रात तो नाही, हे पिन्हींनीच निकालात म्हटलं होतं. म्हणजे कोड साहेबाचा कॉपी-पेस्ट केलेला आणि वर लेबल ‘आमची परंपरा’! त्यात यासाठीची कैद इंग्लंडने १८८४ मध्येच बंद केली होती. इथे मात्र अपिलात वारं फिरलं. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

मी अडकलो ते इथेच. संस्कृतीचा मान राखायचा, पण तिच्या वतीने बोलणार कोण? रखमाबाई काही बाहेरच्या नव्हत्या. सुतार समाजातल्या, मुंबईतच वाढलेल्या. टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध लिहीतही होत्या. त्यांचं मत मोजायचंच नाही का?

१८८८ मध्ये दादाजीने २,००० रुपये घेऊन तडजोड केली. पुढच्या वर्षी रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला निघाल्या.