दिनविशेष : २० सप्टेंबर

अमेरिकेचे ज्येष्ठ गायक टोनी बेनेट यांचा ‘ड्युएट्स २’ हा युगुलगीतांचा संग्रह २०११ साली आजच्या दिवशी प्रसिद्ध झाला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट प्रथम स्थानी दाखल होऊन, त्या स्थानी पोचलेले तोवरचे सर्वांत वयोवृद्ध हयात कलावंत म्हणून, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांची दप्तरी नोंद झाली. फ्रँक सिनात्रा यांच्या १९९३ सालच्या अशाच संग्रहात पाहुण्यांचे स्वर दूरदूरच्या शहरांतून तारांवाटे आणून त्यांच्या स्वराशी जोडले गेले होते; बेनेट यांनी मात्र सहगायकासमवेत एकाच दालनात उभे राहून गाण्याचा जुना रिवाज पाळला, आणि आमच्या मते या संग्रहाची खरी मातबरी त्यातच आहे. लेडी गागा यांच्यासारखी त्या काळची अत्यंत लोकप्रिय गायिकाही या मेळाव्यात होती; पण विशेष स्मरण होते ते एमी वाइनहाउस यांचे. मार्च २०११मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘बॉडी अँड सोल’ गाताना ही तरुणी स्वतःच्याच गाण्यावर असंतुष्ट होऊन वारंवार थांबत होती; तेव्हा वृद्ध गायकाने डायना वॉशिंग्टन या पूर्वसूरी गायिकेचा विषय काढला, आणि त्या आवडत्या नावासरशी तिचा संकोच बराचसा ओसरला. त्याच वर्षी २३ जुलै रोजी, अवघ्या २७व्या वर्षी, तिचे निधन झाले. संग्रह बाजारात आला तेव्हा ती नव्हती. पुढील वर्षी त्या गीतास ग्रॅमी पुरस्कार मिळाला.