गोधडीभोवतीची थट्टा

कात्री रिकामी वाजवू नये, भांडणं होतात. तिन्हीसांजेला सुई मागू नये, आणि मागितलीच तर हातावर न देता कापडाला टोचून द्यावी. अंगात घातलेला कपडा तसाच शिवायचा असेल तर दोऱ्याचा तुकडा दातात धरावा. मैत्रिणींनो, हे आपण सगळ्यांनीच आजीकडून नाहीतर सासूकडून ऐकलेलं आहे. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून हसतो आणि तरीही कात्री वाजवत नाही.

मला मात्र हे नियम शिवणाऱ्या एकटीसाठी केलेले वाटत नाहीत. एकटी बाई भांडणार कोणाशी? ते चारचौघी एकत्र बसून शिवतात तेव्हाचे आहेत. कंदिलाच्या उजेडात हातातून हातात दिलेली सुई खाली पडली तर सकाळी रांगत्या मुलाच्या गुडघ्यात सापडायची. दोरा दातात धरला की अंगाशी सुई असताना बोलणं आपोआप बंद होतं. हे माझं आपलं अनुमान आहे, शास्त्र नव्हे. पण बायकांच्या एकत्र शिवणाला रीतभात होती आणि ती कुणी कागदावर लिहिली नव्हती, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आपल्या भागात हे एकत्र शिवण म्हणजे गोधडी. कोणी वाकळ म्हणतं. शेजारच्या कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज, म्हणजे गोधडी आपल्याकडे देवाच्या नावापर्यंत पोचलेली! खाली जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतरं, पटके, पोरांचे फाटके कपडे सारखे पसरायचे, हे गोधडीचं पोट. वर पुन्हा लुगडं. मग कडेने धावदोरा घालत आत आत यायचं, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. लुगडं नऊवारी असलं तर मधे जोड येतो, तो सरळ बसवणं हे जाणत्या बाईचं काम. ती कोपरा धरते, बाकीच्या तिच्या दोऱ्याला समांतर जातात. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं आहे. ते होईपर्यंत शहरातल्या लोकांना ही कला आहे हे ठाऊक नव्हतं आणि गावातल्या लोकांना हे थंडीवरचं पांघरूण सोडून आणखी काही आहे हे ठाऊक नव्हतं. तिकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशीच गोधडी करतात, तिला कवंदी म्हणतात. शेवटचा तुकडा शिवण्याआधी त्या आत चार तांदळाचे दाणे घालतात, गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून.

गोधडीला दोन-चार जणी लागतात आणि दुपारच्या दुपार जातात. तोंड बंद ठेवून एवढा वेळ कोण बसेल? म्हणून थट्टा. "तुझ्या टाक्यातून मांजर निघून जाईल गं", "शिवतेस का शेत नांगरतेस", "दोरा एवढा लांब घेतलास, माहेरापर्यंत न्यायचाय वाटतं". लांब दोरा घेणारी आळशी, हे तर प्रत्येक आळीत ठरलेलं. पण थट्टा कोणाच्या टाक्याची करायची, याला फार बारीक हिशोब होता. जाणतीच्या टाक्याची थट्टा चालायची, कारण तिला ती पचायची. नवी सून बसली असेल तर तिच्या टाक्याला कोणी बोलायचं नाही. तिच्या माहेराला, नवऱ्याला, उखाण्याला भरपूर बोलायचं. तिचे वाकडे टाके ती उठून गेल्यावर उसवायचे आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं दाखवायचं. मी हे आमच्या आळीत पाहिलेलं आहे. आजकाल प्रशिक्षणवर्गांत 'फीडबॅक' कसा द्यावा यावर दोन-दोन तास भाषणं असतात. असो.

आणखी एक गोष्ट म्हणजे, लुगडं कोणाचं हे विचारायचं नसे. घरातल्या गेलेल्या बाईचं लुगडं पुष्कळदा गोधडीत येतं. ज्या घरची गोधडी, त्या घरच्या बाईने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. मग थट्टा थांबायची, दोन दोरे मुकाट्याने पडायचे, आणि पुन्हा सुरुवात कोणी करायची तर त्याच बाईने. आपल्याकडे बोलण्याच्या संयमाला भाषा समिती म्हणतात. तो शब्द ठाऊक नसलेल्या बायकाही ती पाळत होत्या.

शिवण शाळेत गेलं त्याचा मान आपल्या जिल्ह्याकडे बऱ्यापैकी जातो. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८२७ साली मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये वारेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. तिथे अक्षरं आणि आकडे यांच्या जोडीला सुईकामही होतं. जोतीराव फुल्यांनी नगरची ही शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तुम्हाला माहीत असेलच. मुलींना लिहायला शिकवायचं म्हटलं की त्या काळी घरं बिथरायची. शिवण शिकवतात म्हटलं तर जरा कमी बिथरत असावीत.

त्यानंतर आलं यंत्र. आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. हातशिवणीला सुमारे चौदा तास लागणारा पुरुषी शर्ट मशीनवर सव्वा तासात होऊ लागला. गांधीजी यंत्रांवर टीका करत, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. बायकोचे कष्ट पाहून सिंगरला ते सुचलं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात या गृहस्थांचे एकाहून अधिक संसार होते आणि मुलं वीसहून जास्त, तेव्हा नेमके कोणत्या बायकोचे कष्ट, ही शंका गोधडीवरच्या कोणीही काढली असती! मला कॉमर्सवालीला त्यांच्या भागीदाराचं जास्त कौतुक आहे. एडवर्ड क्लार्क या वकिलाने १८५६ साली मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. आपल्या घरातला फ्रीज आणि टीव्ही ज्या रस्त्याने आला, तो रस्ता शिवणयंत्राने पाडला. हिंदुस्थानात सिंगरचा कारभार कित्येक वर्षं पटेल नावाच्या एका पारशी गृहस्थांनी पाहिला. १९३०च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीन तयार होऊ लागलं आणि मग ते लग्नात मुलीबरोबर जाऊ लागलं.

पण मशीनला दोन बायका बसत नाहीत. ते खिडकीशी ठेवतात, तोंड भिंतीकडे, पाय पट्टीवर, आवाज खडखड. शेजारीण येऊन बसली तरी टीप मारताना तिचं बोलणं ऐकू येत नाही. वेळ वाचला खरा, पण दुपार एकटीची झाली.

ती दुपार पुन्हा चौघींची केली ती शिवणवर्गांनी. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. रमाबाईंनी पुढे १९०९ मध्ये पुण्यात रानडे वाड्यात सेवासदन उभं केलं, त्यात मोठ्या बायकांसाठी शिवणाचे वर्ग होते. आपल्या जवळचं उदाहरण केडगावचं. दौंड सोडलं की पुण्याकडे जाताना ते स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि हाताला काम शिकवलं. मुंबईत मगनबाईंनी आपल्या समाजातल्या विधवांसाठी श्राविकाश्रम चालवला. मगनबाई स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या.

या सगळ्या ठिकाणी सवाष्ण, विधवा, टाकलेली, वेगवेगळ्या जातींची, अशा बायका शेजारी बसू लागल्या. एरवी त्यांना एकत्र आणणारं निमित्त म्हणजे हळदीकुंकू, आणि तिथे विधवेला बोलावणंच नसे. शिवणवर्गात मात्र तिची जागा सगळ्यांच्या बरोबरीने. मग जुनी थट्टा चालणार कशी? नवऱ्याचं नाव घे म्हणून एकीला छेडलं की शेजारची मान खाली घालणार. आपल्या बायकांच्या निम्म्या विनोदाचा विषय नवरा आणि सासू. तो विषय वर्गात आल्यावर आखडता घ्यावा लागला.

मला वाटतं, शिवणवर्गात टाक्यावरची थट्टा वाढली ती यामुळेच. काज वाकडं आलं, बाही उलटी लागली, अस्तर बाहेर आणि कापड आत गेलं, यावर कोणीही कोणालाही हसू शकतं. त्याला कुंकू लागत नाही. १९७०-८०च्या काळात तालुक्याच्या गावात शिवणवर्ग निघाले तेव्हाही हेच होतं. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकावरून मापं घ्यायची, आधी वर्तमानपत्रावर कापायचं. पहिलं झबलं बहुतेकींचं असं व्हायचं की त्यात मूल मावलं तर डोकं जाणार नाही. बाई ते झबलं सगळ्यांना दाखवायच्या, पण शिवणारीचं नाव न घेता. सगळ्या हसायच्या, आणि जिचं ते असायचं ती सगळ्यात मोठ्याने हसायची, कारण गप्प राहिली तर ओळखू आली असती. नवऱ्याने टाकलेल्या एका मुलीला आमच्या गावच्या वर्गात कोणी वर्षभर काही विचारलं नाही. तिच्या बॉबिनचा दोरा सारखा तुटायचा, म्हणून तिला 'तुटका दोरा' म्हणत. एका मोठ्या बाईंच्या लक्षात आलं की या नावाला दुसराही अर्थ निघतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला 'मास्तरीण' म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. तिला पुढे ब्लाउजची इतकी कामं मिळू लागली की लग्नसराईत तिच्या दाराशी थांबावं लागायचं. थांबणाऱ्यांना ती काय काय बोलायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही!